भुसावळचा ळ

आमचे घरमालक प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. विसरायचे म्हणून नव्हे, ती नोकरीची सवय होती. ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर माइक गेला, केबिन गेली, सांगणं मात्र राहिलं.

"पहिल्यांदा सांगितलेलं कुणी ऐकत नाही," ते म्हणायचे. "पहिल्या वेळी माणूस नुसता मान वर करतो. ऐकतो दुसऱ्या वेळी. म्हणून दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय सांगणं पुरं होत नाही."

त्यामुळे पंचवटीतल्या त्या घरात सकाळ अशी व्हायची. खालून खणखणीत आवाज यायचा, "लक्ष द्या. आल्याचा चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे." थोडं थांबून पुन्हा, "लक्ष द्या. आल्याचा चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे." फलाट क्रमांक एक म्हणजे घरापुढचा ओटा. वरच्या खोल्यांमध्ये आम्ही कॉलेजच्या मुली भाड्यानं राहायचो. पहिल्या घोषणेला डोळे उघडायचे आणि दुसरीला पाय जमिनीवर टेकायचे. चहा भाड्यात धरलेला नव्हता. तो काकूंचा हट्ट होता आणि घोषणा काकांचा.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण मला नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कुणी कुणाबद्दल लिहिलेलंही नाही. पण त्यांच्यामुळे मी चारचौघांत तोंड उघडू शकते. ते कुठेतरी सांगायला हवं असं वाटत राहतं.

काका माणसांना नावानं हाक मारत नसत, गाडीनं मारत. मी नामपूरकडची, म्हणून मी "नामपूर". माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी "हरसूल". "ए हरसूल, तुझा टॉवेल वाऱ्यानं पडला. ए नामपूर, जेवलीस का?" दूधवाल्याला ते "विनाथांबा" म्हणायचे, कारण तो दारात दोन शब्दही बोलायला थांबत नसे. कुणी गावाला निघालं की दारात उभे राहून सांगायचे, "डाव्या बाजूला बस. चांदवडपर्यंत ऊन उजवीकडून येतं." आणि ते दुसऱ्यांदा सांगेपर्यंत जिना उतरून रस्त्यावर जाता यायचं नाही.

खोली बघायला मी आणि माझे वडील आलो तो दिवस आठवतो. वडील टोपी हातात धरून उभे. काकांनी मला विचारलं, "सकाळच्या गाडीनं आलात की दुपारच्या?"

"सकायच्या," मी म्हणाले.

काका हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "सकाळच्या." आणि अर्थातच पुन्हा एकदा म्हणाले, "सकाळच्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे बोलताना ळ नसतो, त्याचा य होतो. शाळा ती शाया, डोळा तो डोया. गावात असताना मला हे ठाऊकच नव्हतं. ते नाशिकमध्ये कळलं.

मग वडिलांनी जे विचारायचं ते विचारलं. "साहेब, पोर एकटी राहीन. घरात कोनी घेतं का?"

काकू चहाचा ट्रे धरून दारातच थांबल्या. काका म्हणाले, "मी घेतो. रोज संध्याकाळी. बसून. आवाज नाही, शिवी नाही, जेवण करून झोपतो." आणि वडिलांकडे रोखून बघत तेच पुन्हा, शब्द न बदलता.

वडिलांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. परत जाताना बसस्थानकावर मला म्हणाले, "तो खरं बोलना. मानूस चांगला शे. तठेच ऱ्हाय." माझ्या शिक्षणाचा निर्णय असा एका कबुलीवर झाला.

काकांच्या संध्याकाळच्या पिण्याला घरात "मुक्कामी" म्हणत. खेडेगावात दिवसाची शेवटची गाडी येते, तिथेच थांबते आणि पहाटे निघते, ती मुक्कामी गाडी. काकूंनी देवापुढे दिवा लावला की काका ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे. चावीचं जुनं घड्याळ होतं, चामडी पट्ट्याचं. ते खिडकीच्या कठड्यावर पालथं ठेवायचे. "घड्याळ हातात आहे तोवर मी ड्यूटीवर," हा त्यांचा नियम. ड्यूटीवर असताना त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता, आणि निवृत्तीनंतरही घड्याळ हातात असेपर्यंत ते ड्यूटीवरच असत. घड्याळ निघालं की आत आवाज द्यायचे, "मुक्कामी लागली." काकू स्टीलचं फुलपात्र आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लागू द्या. पण लवकर रिकामी करा, पोळ्या गार होतात."

आमच्या गावाकडच्या गल्लीत दारू म्हणजे आरडाओरडा, दारं आपटणं. त्यामुळे सुरुवातीला मी संध्याकाळी खालीच उतरायची नाही. पण त्या वेळी काका नेहमीपेक्षा गप्प होतात हे हळूहळू लक्षात आलं. एरवी दोनदा सांगणारा माणूस तेव्हा एकदाच बोलायचा.

कॉलेजात पहिल्याच सत्रात वर्गात उभं राहून आपल्या शाळेविषयी बोलायचं होतं. मी "आमची शाया" म्हणाले आणि मागच्या बाकांवरून "शाया, शाया" असा हलका आवाज आला. मी बसले ती बसलेच. घरी आले तर काका ओट्यावर पेपर वाचत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "गाडी चुकली?"

मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "ळ? एवढंच ना? चल, भुसावळ म्हण."

"भुसावय."

"जिभेचं टोक मागे वळव. वर टाळूला लाव. आणि झटक्यानं सोड. पिंपळगाव, धुळे, जळगाव, भुसावळ. एवढे ळ एका गाडीत दुसरीकडे सापडायचे नाहीत. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा याच गाडीनं माझी जीभ सोलून काढली."

त्यानंतर रोज कॉलेजातून आल्यावर मी ओट्याच्या टोकाला उभी राहून घोषणा करायची. "लक्ष द्या. पिंपळगाव, मालेगाव, धुळेमार्गे जळगाव-भुसावळला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." समोरच्या घरातली माणसं गॅलरीत येऊन बघायची. मला लाज वाटायची. काका म्हणायचे, "लाजतेस कशाला? प्रवासी जमतायत. आता दुसऱ्यांदा."

मी एकदा विचारलं, की आमची बोली चुकीची आहे का. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "कोण म्हणालं? फोनवर आईशी बोलतेस तेव्हा शायाच म्हण. आईला ळ ऐकवलास तर ती म्हणेल पोरगी परकी झाली. तू दोन तिकिटं जवळ ठेव, एक घरचं आणि एक इथलं." हे मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, कारण संध्याकाळ झाली होती आणि घड्याळ कठड्यावर होतं.

वर्षाच्या शेवटी मी त्याच वर्गात उभी राहून बोलले. फार काही चांगलं बोलले असेन असं नाही, पण न बसता बोलले.

काकांना झटका आला ती सकाळही चहाच्या घोषणेनंच सुरू झाली. "लक्ष द्या. आल्याचा चहा फला..." एवढं आलं आणि थांबलं. मी वर केस विंचरत होते. दुसरी घोषणा येईल म्हणून वाट बघितली. ती आलीच नाही. त्या घरात राहायला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मी तशीच खाली धावले.

काका ओट्याच्या खांबाला टेकून बसले होते. चहा सांडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवरून घसरलेला. काहीतरी सांगत होते, पण शब्दांचा चिखल झाला होता. काकू त्यांना धरून हाका मारत होत्या, "अहो! अहो, इकडे बघा!"

समोरच्या गॅलरीतून एकजण म्हणाला, "आज सकाळीच लय झाली वाटतं कंट्रोलरसाहेबांना." तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली, तर रिक्षावाल्यानं काकांकडे एक नजर टाकली आणि हँडल वळवलं. "ताई, पिलेलं पॅसेंजर नाय घेत आपण. मागं एकानं सीट खराब केली."

काकूंना मी त्याआधी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी काकांचा डावा हात मनगटाला धरून वर उचलला आणि ओरडल्या, "अरे मेल्या, घड्याळ बघ! घड्याळ हातात आहे त्यांच्या! घड्याळ असताना हा माणूस थेंबाला शिवत नाही!"

रिक्षावाल्याला यातलं काय कळलं असेल देव जाणे. तो घड्याळाकडे बघत राहिला, मग काकूंकडे, आणि म्हणाला, "बसा, मावशी." आम्ही काकांना मध्ये बसवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, अर्धांगवायूचा झटका आहे, पण वेळेत आणलंत. वेळेत, म्हणजे मनगटावरच्या त्या घड्याळामुळे. अजूनही तो पट्टा आठवला की मी मनातल्या मनात हात जोडते.

काका वाचले. उजवा पाय ओढत चालू लागले. उजव्या हातानं चमचा धरता यायचा, पण बटण लावता यायचं नाही. आणि त्यांचं बोलणं गेलं. पूर्ण नाही. शब्द आठवायचे, पण जीभ ऐकायची नाही.

घरी सोडण्याआधी डॉक्टर पथ्य सांगत होत्या. त्या तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. दारू पूर्ण बंद, म्हणाल्या. काकांनी कष्टानं काहीतरी विचारलं. डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, "थोडीशी चालेल का, असं विचारतायत."

"थोडीशी म्हणजे किती, काका?"

काकांनी डाव्या हाताची दोन बोटं आडवी धरली. काकूंनी पुढे होऊन उरलेली दोन बोटंही उघडली. "खोटं कशाला सांगता? चार असायची."

डॉक्टर हसल्या, मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "काका, दारूनं बीपी चढेल. तोल आधीच गेलाय, पडलात तर आणखी काही होऊन बसेल. गोळ्यांशीही तिचं जमत नाही. आणि पुन्हा झटका आला तर जे थोडं बोलताय तेही कदाचित परत येणार नाही. तुमच्यासाठी थोडीशी असा शब्दच नाही." काकांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "मु... क्का... मी... र... द्द." आणि दुसऱ्यांदा म्हणायचा प्रयत्न करून मध्येच सोडून दिला.

काकूंनी फुलपात्र फेकलं नाही. त्यात त्या मनुका भिजत घालायच्या आणि संध्याकाळी ते पाणी गाळून द्यायच्या. रंग साधारण तसाच यायचा. काका पहिल्या दिवशी घोट घेऊन तोंड वाकडं करून म्हणाले, "ही... शटल." म्हणजे मुक्कामी नव्हे, जवळच्या जवळ जाऊन परत येणारी गाडी. पण प्यायचे. घड्याळ मात्र काढायचे नाहीत. फक्त अंघोळीच्या वेळी काकू काढून द्यायच्या, कारण पट्ट्याचं बक्कल त्यांच्या उजव्या हाताला उघडत नसे. एरवी दिवसरात्र ते मनगटावर असायचं.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. आ, ई, ऊ, गाल फुगवा, जीभ बाहेर काढा. त्या चांगलं शिकवायच्या, पण त्या गेल्या की काका व्यायामाचं नाव काढायचे नाहीत. "मी... काय... बालवाडी?" असं काहीतरी म्हणायचे. काकू रडकुंडीला यायच्या. एका दुपारी मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्यांच्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "काका, भुसावळ म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवले.

"भु... सा... वय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांच्या चेहऱ्याची चांगली असलेली बाजू हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "तुझ्या... गावचा... झालो," ते म्हणाले.

मला त्या क्षणी जे वाटलं ते मला अजून सांगता येत नाही. ज्या उच्चारानं मी वर्गात मान खाली घातली होती, तो त्यांच्या तोंडून ऐकताना मला आमचं अंगण दिसलं, आई दिसली. मी म्हणाले, "हरकत नाही. एक तिकीट तर झालं. आता दुसरं काढू." आणि त्यांनीच मला शिकवलेलं त्यांना सांगू लागले. जिभेचं टोक मागे वळवा. वर टाळूला लावा. सोडा.

व्यायामाच्या बाईंना आम्ही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, छान आहे, रोज घ्या. रोज घेतलं. पावसाळा गेला, द्राक्षांच्या गाड्या बाजारात यायला लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी "धुळे" मधला ळ आला. काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकला आणि हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "पुन्हा म्हणा!" काका रुबाबात म्हणाले, "लक्ष... द्या. धु... ळे." आणि पुन्हा, "धु... ळे."

पण बाहेरच्या जगाला ळ दिसत नव्हता. त्याला दिसायचा झोकांड्या खाणारा, अडखळत बोलणारा म्हातारा. काठी घेऊन काका कोपऱ्यापर्यंत चालायला जायचे. नवीन उघडलेल्या दुकानातल्या मुलानं त्यांना एकदा सरळ सांगितलं, "बाबा, पिऊन दुकानात यायचं नाही." शाळेतून येणारी पोरं त्यांच्या चालीची नक्कल करायची. एक दिवस परत येऊन ते ओट्यावर बसले आणि तुकड्या तुकड्यांनी मला म्हणाले, की प्यायचो तेव्हा कुणी दारुडा म्हणालं नाही. सोडली तर सगळे म्हणतात. मी म्हणाले, म्हणू द्या. त्यांना आवाजाचा केवढा अभिमान होता, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्या शब्दावर माणसं पळत फलाट बदलायची, त्याचा शब्द आता कुणी ऐकूनही घेत नव्हतं.

अशा दिवसांत ड्रायव्हरमामा यायला लागले. ते काकांचे जुने सोबती, सुरगाण्याच्या घाटात गाडी चालवलेले. अंगानं दणकट, मनानं हळवे. पूर्वी सणासुदीला मुक्कामीला त्यांची सोबत असायची. आल्यावर काकांच्या खुर्चीशी खालीच बसायचे आणि एकटेच बोलत राहायचे. "साहेब, तुमचा आवाज ऐकल्याबिगर आम्ही गिअर टाकला नाय कधी."

एका संध्याकाळी काकू देवळात भजनाला गेल्या होत्या. मी कॉलेजातून आले तेव्हा मामा नुकतेच निघाले होते. फाटकात भेटले, पण माझ्याकडे न बघता गेले. काका खुर्चीत बसले होते, चेहरा जरा उजळलेला.

"आली... का... नामपूर?"

"आले. चला, गाडी लावू या. धुळे म्हणा."

"धु... ये."

"दमलात का? पुन्हा."

"धुये."

ळ काल होता, परवा होता, आज सकाळीही होता. मग माझी नजर कठड्यावर गेली. घड्याळ तिथे पालथं पडलं होतं.

"काका, घड्याळ कुणी काढलं?"

त्यांनी मनगटाकडे बघितलं, जणू त्यांनाही आत्ताच कळतंय. मामांनी बक्कल काढून दिलं होतं. घड्याळ असताना घ्यायची नाही, हा नियम त्यांनी त्या दिवशीही पाळला होता. मला एकदम फार भीती वाटली. डॉक्टर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या ते आठवलं.

मला रागावता येत नाही, आणि त्यांच्यावर तर नाहीच. मी ओट्यावर त्यांच्या पायाशी बसले. बोलू की नको असं होत होतं. शेवटी म्हणाले, "काका, त्या दुकानातल्या मुलाला तुमचं प्यालेलं बोलणं आणि न प्यालेलं बोलणं सारखंच वाटतं. मला नाही वाटत. तुमचा ळ आज गेला ते मला ऐकू आलं. काकूंनाही ऐकू येईल. त्या लाटणं घेऊन बाहेर आल्या होत्या ते विसरलात का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत गेलं. मग त्यांनी कठड्यावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तू... सांगणार... तिला?"

"मी नाही. घोषणा तुमची."

काकू आल्या. कपाळाला बुक्का, हातात प्रसादाची पुडी. त्यांनी एकदा कठड्याकडे बघितलं आणि जागीच थांबल्या. त्या घरात ते घड्याळ बोलायचं, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण काका खुर्चीच्या हाताला धरून उठून उभे राहिले. नीट उभं राहता येत नव्हतं. म्हणाले, "लक्ष... द्या. मुक्कामी... आज... आयी... होती." "आली" नाही, "आयी". बोलता बोलता त्यांचा लही निसटला होता. आणि खाली न बसता त्यांनी तेवढंच पुन्हा सांगितलं.

काकूंनी प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली. काकांना धरून बसवलं. कठड्यावरचं घड्याळ उचललं, चावी दिली, आणि त्यांच्या मनगटावर बांधलं. बक्कल नेहमीपेक्षा एक भोक घट्ट. "आता हे अंघोळीलासुद्धा निघायचं नाही," म्हणाल्या. "भिजलं तर भिजलं." मग आत जाऊन कणीक मळायला लागल्या. परात आपटल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच तो थांबायचा.

ळ लगेच परत आला नाही. काही दिवस "धुये"च चाललं होतं. काकांना वाटायचं, गेला तो गेलाच. मी रोज म्हणायची, येईल, उशिरानं धावतोय.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात आहे. काका मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवतात. "नामपूर. लक्ष दे. आज... थंडी... आहे. स्वेटर... घाल." निरोप ऐकून फोन खाली ठेवते तोवर दुसरा आलेला असतो, तेच शब्द. माझ्यासोबतच्या मुली म्हणतात, तुझ्या फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे, एक निरोप दोनदा येतो. मी म्हणते, असू दे.

नाशिक सोडलं ती संध्याकाळ सांगते आणि थांबते. माझं सामान बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं. काकूंनी दिवा लावला होता. फुलपात्रात मनुकांचं पाणी होतं. फाटक वाजलं, ड्रायव्हरमामा आले. त्या प्रकारानंतर ते बरेच दिवस फिरकले नव्हते. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खाली बसले, काकांचा गुडघा दाबला आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका. पोरगी चालली, म्हणून आणली. थोडीशीच. मला दुसरं काय आणता येतं, सांगा तुम्ही?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आणि जुन्या सवयीनं त्यांनी काकांचा डावा हात हातात घेऊन बक्कलाला बोट लावलं.

काकू दारात उभ्या होत्या. मी बॅगेची चेन ओढत होते, ती अर्ध्यावर राहिली.

काकांनी हात मागे घेतला. आपला अधू उजवा हात उचलून, हळूहळू, तो घड्याळावर ठेवला. मग मान सरळ केली, केबिनमध्ये बसल्यासारखी.

"लक्ष द्या. काही... अपरिहार्य... कारणामुळे... मुक्कामी गाडी... रद्द करण्यात... आली आहे."

कारणामुळे. जीभ मागे वळली, टाळूला लागली आणि सुटली. मी ऐकलं. काकूंनी ऐकलं.

मामा गोंधळून बघत राहिले. "अन् कारण काय, साहेब?"

"कारण," काका म्हणाले, "सांगत... नसतात."

मामांना आधी कळलं नाही, मग ते एकदम मोठ्यानं हसले आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. कागदातलं पुडकं त्यांनी परत बगलेत घेतलं. काकू आतून आणखी एक फुलपात्र घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे मनुकांचं पाणी ठेवलं. मामांनी त्याकडे संशयानं बघितलं. काका म्हणाले, "घे. शटल आहे."

मी बॅग उचलली. जिना उतरून जायचं नव्हतं, ओट्यावरूनच निघायचं होतं, तरी पायरीवर थांबले. घोषणा अजून पुरी झाली नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा सांगितली.